१५१ माणसं आणि एक कुंपण: सोलमधल्या सहा तासांचं प्रकरण

३ डिसेंबर २०२४, मंगळवार. रात्री साडेदहाच्या सुमाराला दक्षिण कोरियाचे राष्ट्राध्यक्ष यून सुक-योल दूरचित्रवाणीवर आले आणि त्यांनी देशात मार्शल लॉ, म्हणजे लष्करी अंमल, पुकारला. सीमेवर गोळीबार चालू नव्हता, राजधानी सोलमध्ये दंगल नव्हती. राष्ट्राध्यक्षांनी दिलेलं कारण असं की, विरोधकांच्या ताब्यातली संसद सरकारला कामच करू देत नाही आणि उत्तर कोरियाधार्जिण्या देशविघातक शक्ती राज्यव्यवस्था पोखरत आहेत. पहाटे साडेचारला मंत्रिमंडळाने तोच मार्शल लॉ मागे घेतला. सगळा मामला सहा तासांचा.

दुसऱ्या दिवसापासून या सहा तासांची दोन स्पष्टीकरणं सगळीकडे फिरू लागली. पहिलं त्या माणसाबद्दलचं: यून यांना झालं तरी काय? तापट, एकाकी, बायकोमागे लागलेल्या चौकशीच्या मागणीने वैतागलेले, निवडणूक घोटाळ्याच्या यूट्यूबी कहाण्या खऱ्या मानणारे. दुसरं जनतेबद्दलचं: कोरियन माणसाच्या रक्तातच लोकशाही भिनली आहे, म्हणून हा प्रकार टिकला नाही. दोन्हींत तथ्य आहे. पण मार्शल लॉ सहा वर्षं टिकला असता तरी पहिलं स्पष्टीकरण जसंच्या तसं चाललं असतं (“हट्टी माणूस, मागे हटलाच नाही”), आणि दुसऱ्याच्या जागी “हा समाज मुळातच आज्ञाधारक” हे वाक्य तितक्याच सहज येऊन बसलं असतं. निकाल कोणताही लागला तरी जे स्पष्टीकरण फिट बसतं, त्याने काहीच उलगडत नाही.

म्हणून मी ती रात्र एकच प्रश्न हातात धरून पुन्हा वाचली. हा डाव कोसळायला कुणाकुणाचा नकार पुरेसा होता, आणि नकार देणाऱ्या प्रत्येकाला आपण एकटे नाही हे कसं कळलं? चालू घडामोडी समजून घ्यायला राज्यशास्त्रातलं एकच अवजार उचलायचं म्हटलं तर मी हेच उचलेन.

ती रात्र

भाषणाआधी मंत्र्यांची बैठक झाली, ती जेमतेम पाच मिनिटांची. बहुतेक मंत्र्यांना घाईघाईने बोलावलेलं, काहींचा विरोध, कागदावर पंतप्रधानांची आणि मंत्र्यांची प्रतिस्वाक्षरी नाही. पुढे घटनात्मक न्यायालयाने ही बैठक म्हणजे विचारविनिमय नव्हेच असं ठरवलं. रात्री अकराला लष्करी फर्मान क्रमांक १ लागू झालं: संसद, स्थानिक मंडळं आणि राजकीय पक्षांचं कामकाज बंद, सभा-मोर्चे बंद, वृत्तमाध्यमं लष्कराच्या ताब्यात. त्यातच एक कलम संपावरच्या डॉक्टरांबद्दल होतं, ४८ तासांत कामावर या नाहीतर कठोर शिक्षा. वैद्यकीय प्रवेशाच्या जागा वाढवण्यावरून फेब्रुवारीपासून चिघळलेला तो वाद देश वाचवायच्या फर्मानात घुसलेला पाहून, मसुदा लिहिणाऱ्याच्या डोक्यात काय काय खदखदत होतं याचा अंदाज येतो.

संसदेच्या आवाराला पोलिसांनी वेढा घातला. मध्ये थोडा वेळ खासदारांना आत सोडलं, फर्मान निघाल्यावर दारं पुन्हा बंद. मग खासदार कुंपणावरून चढू लागले. विरोधी पक्षनेते ली जे-म्युंग यांनी कुंपण ओलांडताना मोबाइलवरून थेट प्रक्षेपण केलं आणि लोकांना संसदेकडे या म्हणून हाक दिली. सभापती वू वॉन-शिक वयाच्या सदुसष्टाव्या वर्षी तेच कुंपण चढले. मध्यरात्रीच्या आधी विशेष दलाची हेलिकॉप्टरं संसदेमागच्या हिरवळीवर उतरली. सैनिकांनी खिडक्या फोडल्या. आत खासदारांच्या सहायकांनी खुर्च्या-टेबलं रचून दारं अडवली होती, अग्निशामक नळकांड्यांतली पावडर फवारून त्यांनी सैनिकांना थोपवलं. दुसरी एक तुकडी निवडणूक आयोगाच्या कार्यालयात शिरली होती.

रात्री एक वाजता मतदान झालं. सभागृहात १९० सदस्य होते आणि १९० मतं मार्शल लॉ उठवण्याच्या बाजूने पडली.

भांडण जुनं होतं, मग हीच रात्र का?

संस्थांकडे पाहायची सवय असलेला अभ्यासक इथे सर्वात आधी अध्यक्षीय पद्धतीकडे बोट दाखवेल. राज्यशास्त्रज्ञ हुआन लिंझ यांनी १९९० मध्ये मांडलेलं म्हणणं असं: अध्यक्षही लोकांनी थेट निवडलेला आणि संसदही लोकांनी थेट निवडलेली. दोघं भांडले तर जनतेचा खरा प्रतिनिधी कोण, हे ठरवायला लोकशाहीचं कोणतंही तत्त्व कामी येत नाही, कारण कौल दोघांकडेही आहे. शिवाय मुदत ठरलेली. संसदीय पद्धतीत बहुमत गेलं की सरकार पडतं, कोंडी फुटते. अध्यक्षीय पद्धतीत कोंडी घेऊन वर्षानुवर्षं बसावं लागतं, आणि मग कुणाला तरी तिसऱ्याला, म्हणजे बहुतेक वेळा लष्कराला, पंच म्हणून आणायचा मोह होतो.

यून यांच्या कारकिर्दीला हे वर्णन तंतोतंत लागू पडतं. २०२२ ची निवडणूक त्यांनी ०.७३ टक्क्यांच्या फरकाने जिंकली. संसदेत तेव्हाही विरोधकांचं बहुमत होतं आणि एप्रिल २०२४ च्या निवडणुकीत ते आणखी घट्ट झालं: ३०० पैकी १९२ जागा विरोधकांच्या, १०८ यून यांच्या पीपल पॉवर पार्टीच्या. १९८७ च्या राज्यघटनेनंतर स्वतःच्या अख्ख्या कारकिर्दीत एक दिवसही संसदेत बहुमत न मिळालेले ते पहिलेच राष्ट्राध्यक्ष. त्यांनी दोन डझनांच्या आसपास विधेयकांवर नकाराधिकार वापरला, तो १९८७ नंतरच्या कोणत्याही राष्ट्राध्यक्षापेक्षा जास्त. विरोधकांनी उलट बाजूने सरकारी वकील, मंत्री, आयोगांचे प्रमुख यांच्यावर महाभियोगांचा सपाटा लावला. त्या रात्रीच्या भाषणात यून यांनी असे २२ प्रस्ताव मोजून दाखवले. नोव्हेंबरच्या शेवटी विरोधकांनी पुढच्या वर्षीच्या अर्थसंकल्पातून ४.१ लाख कोटी वॉन कापले. आकडा ऐकायला प्रचंड, पण एकूण अर्थसंकल्पाच्या तुलनेत एक टक्क्याहूनही कमी.

इथवर लिंझ यांचा सिद्धांत चोख उतरतो, आणि नेमकं इथेच मला थांबावंसं वाटतं. अध्यक्ष एका पक्षाचा आणि संसद दुसऱ्याची ही स्थिती दक्षिण कोरियात १९८८ मध्ये आली, २००० मध्ये आली, २०१६ मध्ये आली. २००४ मध्ये तर संसदेने विद्यमान राष्ट्राध्यक्षावर महाभियोग चालवला आणि न्यायालयाने तो फेटाळला. यांतल्या एकाही वेळी कुणी लष्कराला हाक मारली नव्हती. दरवर्षी पडणारा पाऊस जसा एखाद्या वर्षीच्या पुराचं संपूर्ण कारण होऊ शकत नाही, तशी वर्षानुवर्षं असलेली संस्थात्मक कोंडी ३ डिसेंबरचं संपूर्ण कारण होऊ शकत नाही. बारूद कुठून आली हे त्यातून कळतं. काडी कुणी आणि का ओढली, हे सांगायला यून यांच्या स्वभावाकडे आणि त्यांच्या कानाशी बसलेल्या चार माणसांकडे जावंच लागतं. संरक्षणमंत्री किम योंग-ह्युन हे त्यांच्याच शाळेतले, आणि मार्शल लॉची शिफारस करणारेही तेच. तेव्हा पहिलं स्पष्टीकरण, त्या माणसाबद्दलचं, मी कचऱ्यात टाकत नाही. त्याची जागा तेवढी ठरवतो: सुरुवात का झाली, एवढ्यापुरतं ते चालतं. शेवट असा का झाला, हे त्याला विचारून उपयोग नाही.

कलम ७७

शेवट समजून घ्यायचा तर राज्यघटनेतलं एक कलम शांतपणे वाचलं पाहिजे. कलम ७७ प्रमाणे युद्ध, सशस्त्र संघर्ष किंवा तसलाच राष्ट्रीय प्रसंग असेल तर राष्ट्राध्यक्षाला मार्शल लॉ पुकारता येतो. त्यात वृत्तपत्रं, सभा, सरकार आणि न्यायालयं यांच्या अधिकारांबाबत विशेष उपाय करता येतात. यादीत संसदेचं नाव नाही. आणि पाचवं उपकलम सांगतं की, एकूण सदस्यसंख्येच्या बहुमताने संसदेने मार्शल लॉ उठवायला सांगितलं तर राष्ट्राध्यक्षाला तो उठवावाच लागेल.

एकूण सदस्यसंख्येच्या बहुमताने, म्हणजे ३०० पैकी १५१. हजर असलेल्यांच्या नव्हे. हा शब्द वरवर निरुपद्रवी वाटतो, पण त्या रात्रीचं सगळं डावपेचाचं गणित त्याच्याभोवती फिरलं. विरोधकांकडे १९२ होते. सत्ताधारी पक्षातलं एकही माणूस आलं नाही असं धरलं, तरी यून यांना विरोधकांतले निदान ४२ जण सभागृहाबाहेर ठेवावे लागणार होते. सभागृहच बंद पाडता आलं तर हे मोजायचीही गरज नव्हती. हे गणित कुणाला नव्याने सुचलं असंही नाही. राष्ट्राध्यक्ष पार्क ग्यून-हे यांच्या महाभियोगाच्या काळात, २०१७ मध्ये, लष्कराच्या सुरक्षा विभागाने मार्शल लॉचा एक आराखडा तयार करून ठेवला होता. २०१८ मध्ये तो उघडकीला आला तेव्हा त्यात विरोधी खासदारांना अटक करून संसदेची संख्या अपुरी पाडायचा विचारही सापडला. कुलपाची किल्ली कुठे आहे, हे चोर आणि मालक दोघांनाही माहीत होतं.

पण कागदावर लिहिलेलं कलम स्वतःहून उठून कुणाला अडवत नाही. जगातल्या कितीतरी घटनांमध्ये सुंदर कलमं आहेत आणि रणगाडे त्यांच्यावरून गेले आहेत. मग या कलमाने काय केलं? माझं उत्तर असं की, त्याने हजारो माणसांना एकमेकांशी न बोलता एकच जागा, एकच आकडा आणि एकच कृती दिली.

अशी कल्पना करा की त्या रात्री तुम्ही खासदार आहात आणि घरी आहात. मार्शल लॉ चुकीचा आहे असं तुमचं मत आहे. तुमच्यासारखंच मत असलेले निदान दोनशे जण असतील हेही माहीत आहे. पण ते बाहेर पडतील का? तुम्ही एकटेच पोचलात तर सरळ तुरुंगात. सगळे पोचले तर मार्शल लॉ रद्द, आणि तुम्हाला हात लावायची कुणाची छाती नाही. म्हणजे तुम्ही काय करायचं हे इतर काय करतील यावर ठरतं, आणि इतरांचंही तेच. या पेचाला समन्वयाचा पेच म्हणतात. तो सुटायला नुसती माहिती पुरत नाही. सगळ्यांना माहीत आहे हे सगळ्यांना माहीत असावं लागतं.

विरोधाची जागा, वेळ आणि पद्धत ठरवायची असती तर रात्र चर्चेतच गेली असती. कुणी म्हणालं असतं चौकात जमू, कुणी म्हणालं असतं न्यायालयात जाऊ, कुणी उद्या संपाची हाक देऊ म्हणालं असतं. कलम ७७ ने हा प्रश्नच मिटवला होता. जायचं कुठे, तर संसदेत. किती जण लागणार, तर १५१. करायचं काय, तर मत द्यायचं. ली जे-म्युंग यांचं कुंपणावरून झालेलं प्रक्षेपण मला म्हणूनच फार महत्त्वाचं वाटतं. त्यातून नवी माहिती जवळपास काहीच मिळत नव्हती. पण ते पाहणाऱ्या लाखोंना हे कळत होतं की बाकीचेही हेच पाहत आहेत. शिवाय ऑगस्ट-सप्टेंबरातच काही विरोधी खासदारांनी सरकार मार्शल लॉची तयारी करत असल्याचा जाहीर आरोप केला होता. तेव्हा त्यांची टर उडवली गेली, पुराव्याविना अफवा पसरवता म्हणून. आरोप तेव्हा खरा होता की नाही हा वेगळा मुद्दा, पण मार्शल लॉ आला तर काय करायचं याचा विचार त्यामुळे बऱ्याच जणांनी आधीच केलेला होता.

सभापती वू यांचं वागणं याच चौकटीत बसतं. सैनिक इमारतीत शिरलेले, सभागृहात खासदार ओरडताहेत की लवकर मतदान घ्या, आणि हा गृहस्थ ठराव रीतसर दाखल होईपर्यंत थांबून राहिला. त्या क्षणी ते चिडचिड होण्याजोगंच होतं. पण विचार करा, मतदानात एखादी तांत्रिक खोट राहिली असती तर बाहेरच्या प्रत्येक सैनिकी अधिकाऱ्याला, प्रत्येक पोलीस प्रमुखाला “ठराव वैध आहे की नाही कोण जाणे” म्हणून हात झटकायची सोय झाली असती. १९० विरुद्ध शून्य आणि कार्यपद्धती निर्दोष, यामुळे ती पळवाट बंद झाली.

बंदूक ज्याच्या हातात आहे तो

आता प्रकरणाचा सर्वात नाजूक भाग. खासदार जमले हे खरं, पण सशस्त्र विशेष दलासमोर खुर्च्या-टेबलांचा अडसर किती वेळ टिकणार? दार तोडून आत शिरायचं ठरवलं असतं तर काही मिनिटांचं काम होतं. विशेष दलाच्या सेनापतींनी पुढे साक्ष दिली की, आतल्या लोकांना बाहेर ओढून काढा असा आदेश खुद्द राष्ट्राध्यक्षांकडून आला होता. न्यायालयाने तो आदेश झाल्याचं मान्य केलं. तो पाळला गेला नाही.

हेलिकॉप्टरंही ठरल्या वेळी आली नव्हती. राजधानीच्या हवाई हद्दीत शिरायची परवानगी देणाऱ्या अधिकाऱ्यांना मोहिमेचा हेतूच कळेना, म्हणून परवानगी अडकून राहिली आणि मौल्यवान वेळ गेला. राजधानी संरक्षण दलाच्या एका कर्नलने मागून येणाऱ्या तुकडीला हान नदीवरचा सोगांग पूल ओलांडू नका असं सांगितल्याची साक्ष न्यायालयात दिली. यांपैकी कुणीही बंड केलं नाही, कुणी राष्ट्राध्यक्षांविरुद्ध निवेदन काढलं नाही. ते हळू चालले, प्रश्न विचारत बसले, आदेशाचा अर्थ लावत बसले. राज्यशास्त्रात मालक आणि त्याचा कारभारी यांच्यातल्या नात्याचा बराच अभ्यास झाला आहे. मालकाला प्रत्येक कारभाऱ्यावर डोळा ठेवता येत नाही, आणि कामचुकारपणा हेच कारभाऱ्याचं सर्वात सुरक्षित हत्यार असतं. सरकारी कचेरीत ज्याच्यामुळे आपला जीव मेटाकुटीला येतो, तोच गुण त्या रात्री एका देशाच्या कामाला आला.

४ एप्रिल २०२५ रोजी घटनात्मक न्यायालयाच्या आठही न्यायमूर्तींनी एकमताने यून यांना पदावरून दूर केलं. त्या निकालात त्यांनी म्हटलं की, संसदेला इतक्या लवकर ठराव करता आला तो नागरिकांच्या प्रतिकारामुळे आणि लष्कर-पोलिसांनी आदेश मनापासून न राबवल्यामुळे. निकालातलं हे वाक्य राज्यशास्त्राच्या कुठल्याही पानात शोभून दिसेल.

सैनिक हळू का चालले? “लोकशाही संस्कृती” हा शब्द इथे वापरायला माझी हरकत नाही, पण त्याच्या आत काय आहे ते उघडून बघायला हवं. मे १९८० मध्ये जनरल चुन डू-ह्वान यांनी मार्शल लॉ देशभर वाढवला आणि ग्वांगजू शहरात निमलष्करी नव्हे, खास छत्रीधारी सैन्य उतरवून निदर्शकांची कत्तल केली. पुढे तेच राष्ट्राध्यक्ष झाले. पण गोष्ट तिथे संपली नाही. १९९६ मध्ये चुन यांना न्यायालयाने बंडाळीबद्दल मृत्युदंड ठोठावला. तो पुढे जन्मठेपेवर आला, १९९७ च्या अखेरीस माफीही मिळाली. तरी प्रत्येक लष्करी अधिकाऱ्याला त्यातून एक हिशेब कळला: यशस्वी झालेल्या बंडाबद्दलही सोळा वर्षांनी कठड्यात उभं राहावं लागतं. संस्कृतीचा अर्थ मी असा घेतो. हवेत तरंगणारं मूल्य म्हणून मला ती पटत नाही. पूल ओलांडायचा की नाही हे ठरवणाऱ्या कर्नलच्या डोक्यातलं नफा-नुकसानीचं पत्रक म्हणून पटते.

पेरूमधल्या दोन घटना

एकाच देशातल्या एका रात्रीवरून नियम काढणं धोक्याचं असतं, म्हणून शेजारी ठेवायला दुसरी उदाहरणं हवीत. सत्तेवर असलेल्यानेच राज्यघटनेविरुद्ध बंड करावं या प्रकाराला स्पॅनिशमध्ये ऑटोगोल्पे म्हणतात, आणि त्याची प्रयोगशाळा म्हणावी तर पेरू. ५ एप्रिल १९९२ ला राष्ट्राध्यक्ष आल्बेर्तो फुजिमोरी यांनी संसद बरखास्त केली, रणगाडे रस्त्यावर आले, आणि ते पुढे २००० पर्यंत सत्तेत राहिले. ७ डिसेंबर २०२२ ला राष्ट्राध्यक्ष पेद्रो कास्तियो यांनी तीच घोषणा केली. लष्कर आणि पोलिसांनी संयुक्त निवेदन काढून साथ नाकारली, संसदेने १३० पैकी १०१ मतांनी त्यांना काढून टाकलं, आणि त्याच दुपारी ते अटकेत होते.

देश एकच, घोषणा एकच, निकाल उलटे. जनतेच्या लोकशाहीप्रेमाने हा फरक सांगता येत नाही, कारण २०२२ मध्ये पेरूची संसद जनतेच्या मनातून इतकी उतरली होती की तिच्या रक्षणासाठी कुणी कुंपणाकडे धावलं असतं असं वाटत नाही. तरी कास्तियो पडले. फरक पडला तो लष्कराच्या भूमिकेने. सोलमध्ये लष्कराने नकार दिला नाही, पण होकारही धड दिला नाही, आणि ती जी मधली पोकळी राहिली तेवढ्यात १९० जण सभागृहात पोचले. पेरूत जे काम एका निवेदनाने झालं, ते कोरियात दिरंगाई आणि मतदान यांनी मिळून केलं.

तीन उदाहरणं म्हणजे सिद्धांत नव्हे, हे मान्य. पण पुढच्या वेळी जगात कुठेही असा प्रकार घडला तर पहिल्या तासात मी काय पाहीन, ते मात्र यातून ठरतं. अध्यक्षाचं भाषण मी ऐकेनच, पण जास्त लक्ष देईन ते सेनापती बोलले की गप्प बसले याकडे, आणि विरोधकांना जमायला ठरलेली एखादी जागा आहे की नाही याकडे.

सात डिसेंबर

आतापर्यंतची गोष्ट थोडी गोड झाली आहे. पुढचे दिवस ती गोडी उतरवतात.

मार्शल लॉ उठवण्याच्या बाजूने मत देणाऱ्या १९० पैकी सत्ताधारी पक्षाचे होते १८. बाकीचे ९० जण त्या सभागृहात नव्हते. काही पोलिसांनी अडवल्यामुळे, तर बरेचसे पक्षाच्या कार्यालयात जमले होते म्हणून. जे १८ आले त्यांतले बहुतेक पक्षप्रमुख हान डोंग-हून यांच्या गोटातले. हान यांनी घोषणेनंतर लगेच ती चुकीची असल्याचं जाहीर केलं होतं. ज्यांचा ठावठिकाणा शोधायचे आदेश निघाले होते त्यांत विरोधी नेते आणि सभापती यांच्याबरोबर खुद्द हान यांचंही नाव होतं. तत्त्वनिष्ठा आणि स्वतःची कातडी वाचवणं या दोन गोष्टी इथे वेगळ्या काढून दाखवणं मला तरी जमणार नाही.

७ डिसेंबरला महाभियोगाचा प्रस्ताव आला. २०० मतं लागत होती. सत्ताधारी पक्षाच्या १०५ सदस्यांनी मतदानावर बहिष्कार टाकला, तिघांनीच मत दिलं. मतपेटीत १९५ चिठ्ठ्या पडल्या, त्या उघडल्याही नाहीत. चार दिवसांपूर्वी सैनिक याच इमारतीच्या खिडक्या फोडत होते. आता आठवा ते दुसरं स्पष्टीकरण, रक्तात भिनलेल्या लोकशाहीचं. या १०५ जणांचं रक्त वेगळं होतं का? खरं कारण साधं आहे. महाभियोग म्हणजे निवडणूक, आणि निवडणूक म्हणजे ली जे-म्युंग सत्तेवर. समाज दोन गटांत इतका फाटलेला असतो तेव्हा आपल्या बाजूच्या माणसाने लोकशाहीला लाथ मारली तरी त्याची शिक्षा समोरच्याच्या विजयाच्या रूपात द्यावी लागते, आणि ती किंमत मोजायला फार थोडे तयार होतात. मतदारांचंही तेच. डिसेंबरच्या मध्यात गॅलप या संस्थेच्या जनमत पाहणीत यून यांची पसंती ११ टक्क्यांवर होती, पण जानेवारीत त्यांच्या पक्षाचा पाठिंबा चढून मुख्य विरोधी पक्षाच्या बरोबरीला आला. १९ जानेवारीला यून यांच्या अटकेचा कालावधी वाढवणाऱ्या न्यायालयात त्यांचे समर्थक घुसले आणि त्यांनी नासधूस केली.

१४ डिसेंबरला दुसरा प्रस्ताव २०४ विरुद्ध ८५ मतांनी मंजूर झाला. म्हणजे सत्ताधारी पक्षातल्या किमान बारा जणांनी बाजूने मत दिलं. मधल्या काळात काय बदललं? १२ तारखेच्या भाषणात यून यांनी माफीचा सूर सोडून आपण शेवटपर्यंत लढणार असं सांगितलं, हान यांनी महाभियोगाला पाठिंबा दिला, आणि संसदेबाहेरच्या कडाक्याच्या थंडीतली गर्दी रोज वाढत गेली. कुंपणावरच्या रात्रीचाच पेच इथे परत आलेला दिसतो, फक्त आता तो सत्ताधारी पक्षाच्या आत होता: मी एकटा फुटलो तर गद्दार, आठ-दहा जण फुटलो तर निकाल लागतो.

१९७५ ची आठवण

मराठी वाचकाच्या मनात एव्हाना २५ जून १९७५ आलेलीच असेल. तिथेही मंत्रिमंडळाला आधी विचारलं नव्हतं, दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला बैठक घेऊन सांगितलं. पण आपली पद्धत संसदीय. सरकारकडे लोकसभेत भक्कम बहुमत होतं, आणि जुलैमध्ये संसदेने आणीबाणीला रीतसर मंजुरी दिली. संसद हा ब्रेक आहे, पण ब्रेकवरचा पाय चालकाचाच असेल तर? पुढे १९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीने मंत्रिमंडळाची लेखी शिफारस सक्तीची केली, मंजुरीला विशेष बहुमत घातलं, आणि लोकसभेच्या एक दशांश सदस्यांना आणीबाणी उठवण्यासाठी खास बैठक मागायचा हक्क दिला. हे शेवटचं कलम वाचताना कोरियाच्या कलम ७७ चा चुलतभाऊ भेटल्यासारखं वाटतं.

म्हणून सोलमध्ये पुढे जे झालं ते मी लक्ष देऊन पाहतो आहे. ३ जून २०२५ च्या निवडणुकीत ली जे-म्युंग ४९.४२ टक्के मतं घेऊन राष्ट्राध्यक्ष झाले. महिन्याभरातच संसदेने मार्शल लॉ कायद्यात दुरुस्ती केली: सभापतींच्या संमतीशिवाय सैन्याला वा पोलिसांना संसदेत शिरता येणार नाही, आणि खासदारांची वाट अडवता येणार नाही. कुंपणाचा प्रश्न कायद्याने मिटवला. आकड्याचा प्रश्न तसाच आहे. यून यांना अडवणाऱ्या १९० जणांत १७२ विरोधी पक्षांचे होते. आता त्यांतले बहुतेक सत्ताधारी बाकांवर बसतात, आणि मार्शल लॉ उठवायला लागणारे १५१ सदस्य, राष्ट्राध्यक्षांच्या पक्षातले काही जण फुटल्याशिवाय, जमणारच नाहीत.